निरोप कोणाचा, तार कोणाची?

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, मग स्वयंसेवकांना आपसात बोलायला वेगळी यंत्रणा कशाला? हा प्रश्न आमच्या तरुण कार्यकर्त्यांकडून दर बैठकीत येतो. त्यांनी सहा डिसेंबरला दुपारी शिवाजी पार्कच्या मधोमध उभे राहून चैत्यभूमीच्या दारातल्या सहकाऱ्याला एकदा फोन लावून बघावा. एका टॉवरला एका वेळी ठरावीकच फोन सांभाळता येतात. लाखोंचा समुदाय जमला की फोन लागत नाही, संदेशाची एक खूण तशीच राहते, आणि कोणाला चक्कर आली, कोणाचे लेकरू हरवले, तर स्वयंसेवक धावत सुटतो. दिवस तणावाचा असेल तर इंटरनेटच बंद होते. त्यासाठी २०१७ साली केंद्र सरकारने रीतसर नियम केले, आता त्यांच्या जागी २०२४ चे नियम आहेत.

म्हणजे ज्या दिवशी आपल्या माणसांना एकमेकांशी बोलण्याची सर्वांत जास्त निकड असते, नेमके त्या दिवशी बोलण्याचे साधन दुसऱ्याच्या हातात असते. हा दुखणे मोबाइलसोबत आलेले नाही. ते फार जुने आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नसेल तर त्यावरचा उपायही आपल्याला खेळणे वाटेल.

गावगाड्यात निरोप पोचवण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. सरकारी सांगावा घेऊन पुढच्या गावी जायचे, सारा भरायला लोकांना बोलावून आणायचे, वेशीवर रात्रभर जागायचे, आणि सवर्णाच्या घरी कोणी मेले की त्याच्या सोयऱ्याच्या गावापर्यंत उन्हातान्हात चालत जाऊन सुतक सांगायचे. हातात घुंगुरकाठी. कोण येतो आहे ते लोकांना आधीच कळावे म्हणून. अख्ख्या मुलखाचा संदेशवहनाचा भार ज्या जातीने पायांवर वाहिला, तिला स्वतःचा निरोप धाडायला मात्र साधन नव्हते. तिच्या तोंडी कायम दुसऱ्याचे शब्द होते.

या राबणुकीला इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याची चौकट दिली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदाराला दिवसरात्र कोणत्याही घटकेला हुकूम येतो, तो घरी नसेल तर त्याच्या बापाला, लेकाला वेठीला धरले जाते, आणि मोबदला मात्र तुटपुंजा, हे त्यांचे म्हणणे होते. ही वतने कायद्याने खालसा व्हायला १९५८ साल उजाडले. आपल्यातले काही जण अजूनही वतनाच्या जमिनीची आठवण हळवेपणाने काढतात. त्यांनी त्या जमिनीच्या बदल्यात किती कोस चालावे लागे, तेही सांगावे.

विधेयकाची तारीख ओळखीची वाटली असेल. बरोबर एक वर्ष आधी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडची परिषद झाली होती. महाडची कथा आपण पाण्याची कथा म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण ती निरोपाचीही कथा आहे, आणि ही बाजू आपण फारशी पाहत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात एकालाही तिथे ओंजळ भरता येत नव्हती. परिषदेला आलेल्या लोकांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. २० तारखेला सकाळी परिषदेतले लोक रांगेने, शिस्तीत तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, लोकांनी केले, आणि सगळे तसेच शिस्तीत मंडपाकडे परतले.

इथून पुढे नीट बघा. परिषद संपली होती. काही लोक मंडपात जेवत होते, काही बांधाबांध करत होते, काही बाजारात, काही आपापल्या गावाच्या वाटेला लागलेले. बाबासाहेब डाक बंगल्यावर. आणि अशा वेळी गावात आवई उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. साफ खोटी. देवळाचा विषयच परिषदेपुढे नव्हता. पण बघता बघता काठ्या घेऊन जमाव गोळा झाला. बाबासाहेबांना कळले तेव्हा त्यांनी पोलीस अधिकाऱ्याला सांगितले, स्वतः चालत जाऊन जमावाच्या म्होरक्यांना सांगितले, की देवळात शिरण्याचा आमचा कसलाही विचार नाही. तो खुलासा तिथल्या तिथे राहिला. आवई गल्लोगल्ली पोचली होती. मंडपावर हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत गेले, एकट्यादुकट्याला गाठून गल्लीत मारले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला म्हणून वाचले. एवढ्यावर भागले नाही. हल्लेखोरांच्या पुढाऱ्यांनी आजूबाजूच्या गावांत निरोप धाडले की परिषदेहून परतणाऱ्यांना तिथेही धडा शिकवा.

तीन गोष्टी एकाच दुपारी घडल्या. खोटी बातमी धावली, खरा खुलासा पोचला नाही, आणि हल्लेखोरांचे निरोप आपल्या माणसांच्या आधी त्यांच्याच गावी पोचले. डाक बंगल्यावर शंभरेक जण हात शिवशिवत असताना बाबासाहेबांच्या एका शब्दावर थांबून राहिले. तो संयम आपण अभिमानाने सांगतो. पण तो शब्द बंगल्यातल्या माणसांनाच ऐकू गेला. गल्लीत अडकलेल्याला, वाटेला लागलेल्याला कोण सांगणार होते की त्या रस्त्याने जाऊ नकोस, अमुक घराचे दार उघडे आहे?

त्या काळी बिनतारी यंत्र असते तर महाड टळले असते, असा दावा आम्ही करत नाही. इतिहासाला असे प्रश्न विचारून काही मिळत नाही. पण त्या अनुभवातून पुढे काय झाले ते बघण्यासारखे आहे. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ ला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. स्वतःची बातमी स्वतः सांगण्याचा धडा त्याआधीही मिळालेला होता: १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. डिसेंबरमधल्या दुसऱ्या परिषदेला जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची, आणि गावचे व्यापारी माल देईनात म्हणून धान्यधुन्य बाहेरून आणावे लागले. समता सैनिक दल उभे राहिले तेही याच काळात. पाणी, जागा, धान्य, छापखाना, स्वयंसेवक, जे जे दुसऱ्याने अडवले ते ते आपले करत जाण्याची ही रीत होती. बोलण्याची तार मात्र तेव्हा आवाक्याबाहेर होती.

आवाक्याबाहेर होती, कारण ती कायद्याने सरकारच्या मालकीची होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तार उभारण्याचा हक्क एकट्या सरकारकडे ठेवला. १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते बाळगणेही गुन्हा ठरवले. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा पोलीस जागा शोधत हिंडत होते आणि यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते. त्यामागे पैसा होता, ओळखी होत्या, जागा देणारी घरे होती. आपल्या चळवळीकडे जलसे होते, गाणी होती आणि पायी फिरणारे कार्यकर्ते होते. स्वातंत्र्यानंतरही हे दोन्ही कायदे तसेच राहिले. हवेतल्या लहरी सरकारच्या बापजाद्यांच्या नाहीत, त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते ९ फेब्रुवारी १९९५ ला, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात. तो निकाल देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

हा अनुभव आपल्या एकट्यांचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. पण पँथरच्या आधी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या विद्यार्थ्यांच्या ‘स्निक’ या संघटनेने जे केले ते आपल्या स्वयंसेवकांच्या जास्त कामाचे आहे, म्हणून तिथे थोडे थांबू.

मिसिसिपी राज्यात १९६२ साली मतदानाच्या वयाच्या काळ्या लोकांपैकी मतदार यादीत नाव असलेले होते ६.७ टक्के. नावे नोंदवायला १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो तरुण तिथल्या खेड्यांत गेले. अडचण अशी की दूरच्या गावी फोन करायचा तर तो स्थानिक ऑपरेटरकडून जोडून घ्यावा लागे. ऑपरेटर गोरी. ती ऐकणार, जोडायला वेळ लावणार, आणि कार्यकर्ते कुठे आहेत ते शेरीफला कळणार. म्हणून ‘स्निक’ने वॅट्स नावाची सेवा घेतली. ठरावीक मासिक भाडे भरले की दूरचे फोन थेट लागत, मधल्या ऑपरेटरची गरज उरत नसे. दिवसभर गावागावांतून येणारे फोन कार्यालयात टिपून घेतले जात, टंकलिखित होत, आणि अटक, मारहाण, जाळपोळ यांची खबर बाहेरच्या वर्तमानपत्रांपर्यंत जाई. टेलिफोनची जोडणी घेणे हासुद्धा चळवळीचा निर्णय असू शकतो, तो असा.

तरी रस्त्यावरची गाडी मुकीच होती. २१ जून १९६४ ला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तिघे नेशोबा परगण्यात जाळल्या गेलेल्या एका काळ्या चर्चची पाहणी करायला निघाले. चार वाजेपर्यंत परत येतो, असे सांगून गेले. चारनंतर मेरिडियनच्या कार्यालयाने आसपासच्या तुरुंगांना फोन सुरू केले. चळवळीच्या नोंदीप्रमाणे, ज्या तुरुंगात ते होते तिथूनही ‘इथे नाहीत’ असेच उत्तर आले. रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांना सोडण्यात आले, रस्त्यात गाठून मारण्यात आले. प्रेते मिळाली ४ ऑगस्टला, मातीच्या एका धरणात पुरलेली. ठरल्या वेळी खबर द्यायची ही शिस्त होती, म्हणून निदान शोध लगेच सुरू झाला. पण सुटकेपासून खुनापर्यंतच्या त्या रस्त्यावर कोणाला हाक मारायला त्यांच्याकडे काही नव्हते.

‘स्निक’च्या गाड्यांच्या ताफ्याला सोजर्नर ट्रुथ या गुलामगिरीतून सुटलेल्या लढवय्या स्त्रीचे नाव दिलेले होते. त्या गाड्यांत दुतर्फा बोलण्याचे रेडिओ बसवले गेले. लुइझियानातल्या ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या काळ्या कामगारांच्या रक्षक दलाने वॉकी-टॉकी घेऊन वस्तीत गस्त घातली. या साध्या रेडिओची वाहिनी खुली असे. कोणीही ऐकू शके, शत्रूसुद्धा. तरीही त्यांनी तो वापरला, कारण एकट्या पडलेल्या गाडीपेक्षा ऐकली जाणारी गाडी बरी.

अलीकडची दोन उदाहरणे पटकन सांगतो. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात तालेआ दे कास्त्रो नावाचे आदिवासी गाव आहे. गिऱ्हाईक कमी म्हणून मोबाइल कंपन्या तिथे येईनात. २०१३ मध्ये रायझोमाटिका या संस्थेच्या मदतीने गावाने स्वतःचे मोबाइल जाळे उभारले, आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारने आदिवासींच्या संस्थेला रीतसर परवाना दिला. दुसरे न्यूयॉर्कच्या रेड हूक वस्तीचे. सरकारी चाळींत राहणाऱ्या गरीब काळ्या आणि लॅटिनो लोकांची वस्ती. २०१२ च्या सँडी वादळात वीज, फोन सगळे गेले, पण वस्तीच्या संस्थेने छपरावर बसवलेले छोटे वायफाय चालू राहिले आणि मदतीची देवाणघेवाण त्यावरून झाली. पुढे वस्तीतल्याच मुलामुलींना शिकवून ते जाळे वाढवण्यात आले.

आता आपले बघू. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेतली ताकद वापरायला २००५ पासून परवाना लागत नाही. आपल्या घरातला साधा वायफाय राउटर याच पट्ट्यात चालतो. राउटरला इंटरनेट लागते हा समज आहे. इंटरनेट नसले तरी त्याला जोडलेले फोन एकमेकांशी बोलू शकतात, मध्ये एक सर्व्हर असला म्हणजे झाले. मम्बल नावाचा मोफत प्रोग्राम २००५ पासून आहे. तो एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो. स्वयंसेवकांच्या फोनमध्ये त्याचे अॅप, अँड्रॉइडवर मम्ला. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. बोलणे कूटबद्ध होऊन जाते, म्हणजे मिसिसिपीच्या खुल्या वाहिनीची अडचण इथे नाही. वेगवेगळे कक्ष करता येतात: वैद्यकीय मदत, हरवलेली माणसे, पाणी, प्रवेशद्वार. एका आवाजाला लागणारी जागा इतकी कमी असते की पंचवीस-तीस फोनांचा भार साध्या राउटरलाही झेपतो. त्याहून जास्त झाले की मात्र स्वस्त राउटर धापा टाकतो.

जे फसते तेही सांगायला हवे. माणसाच्या शरीरात पाणी असते आणि या लहरी पाण्यात जिरतात. म्हणून मोकळ्या मैदानात शंभर मीटर जाणारा राउटर गर्दीत निम्म्यावरही पोचत नाही. तो टेबलावर ठेवू नये, डोक्यांच्या वर, दहा-बारा फुटांच्या बांबूला बांधावा. मैदान मोठे असेल तर दोन-तीन राउटर ठेवून ते केबलने जोडावेत. एक केबल शंभर मीटरच्या आत असावी. सर्व्हरचा पत्ता कायमचा ठरवून टाकावा, नाहीतर लाइट जाऊन आली की तो बदलतो आणि सगळे फोन अनाथ होतात. अँड्रॉइड फोन फार शहाणा असतो. इंटरनेट नाही असे दिसले की तो गुपचूप वायफाय सोडून देतो, म्हणून ‘जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा आणि त्या वेळेपुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन अॅप झोपवतो, तेही बंद करावे. अॅप घरूनच टाकून आणावे, मैदानात ते उतरणार नाही. राउटरसाठी बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची बॅटरी घेतली आणि राउटर दहा वॅट खाणारा असला तर ती पाच-सहा तास टिकते. दोन ठेवाव्यात.

यंत्रापेक्षा अवघड आहे ती बोलण्याची शिस्त. आधी कोणाला हाक मारतो ते, मग आपण कुठे आहोत ते, मग काम. ऐकणाऱ्याने ‘समजले’ म्हणून ठिकाण परत उच्चारायचे. जयभीम सकाळी एकदा सर्वांना मिळून घालावा. दर वाक्याला घातला तर चक्कर आलेल्या आजीपर्यंत पोचायला तेवढाच उशीर. आणि ऐकलेली बातमी व पाहिलेली बातमी यांतला फरक बोलतानाच सांगायचा: ‘पाहिले’ की ‘ऐकले’. महाडच्या आवईला तिथल्या तिथे रोखण्याचा याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही.

दोन आक्षेप उरतात. पहिला, पोलीस संशय घेतील. मग लपवायचे कशाला? आयोजकांच्या पत्रात लिहावे की आमच्या मंडपात स्वयंसेवकांसाठी स्थानिक वायफायवर बोलण्याची सोय आहे, ती इंटरनेटला जोडलेली नाही, आणि वैद्यकीय कक्षाचा एक फोन बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांनाही देऊ. बंदीचा हुकूम निघालाच तर आपल्या वकिलांनी तो शब्दशः वाचावा आणि ते सांगतील तसे वागावे. दुसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण तोच खरा आहे. नियंत्रणाच्या टेबलावर कोण बसणार? आपल्या मंडळांत माइक कोणाच्या हातात असतो ते आपण सगळे जाणतो. तेच चार पुढारी, तेच पुरुष. गावगाड्यात निरोप वाहणारा वेगळा आणि हुकूम सोडणारा वेगळा, ही विभागणी आपण आपल्याच स्वयंसेवक दलात चालू ठेवायची का? आमचा आग्रह आहे की टेबल पाळीने चालावे, त्यात मुली असाव्यात, आणि रात्री थांबणाऱ्या महिला स्वयंसेवकांचा स्वतंत्र कक्ष असावा, ज्यात त्या ज्याला घेतील तोच येईल. सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकाच माणसाकडे राहिला तर आपण नवा वतनदार तयार केला असे समजावे.

सुरुवात मैदानापासून करू नये. वस्तीतल्या विहारात एका रविवारी वंदनेनंतर पंधरा फोन, एक राउटर, एक जुना लॅपटॉप घेऊन बसावे. पाच जणांना गल्लीच्या टोकापर्यंत पाठवून आवाज कुठे तुटतो ते वहीत टिपावे, मग राउटर वर चढवून पुन्हा टिपावे. त्यानंतर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या आदल्या रात्रीचा मंडप, आणि ते जमले तर सहा डिसेंबरचा एखादा भोजनदानाचा किंवा आरोग्य तपासणीचा स्टॉल. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी घेऊन पळणाऱ्या दोन जणांची नावे आधीच ठरलेली असावीत, कारण बॅटरी उतरतेच.